फाळके अजून लंडनलाच

नाशिककराशी सिनेमावरून वाद घालू नये. वादात कुठे अडला की तो शांतपणे म्हणतो, "फाळके आमचे," आणि विषय मिटवून टाकतो. पुणेकरांकडे प्रभात आहे, कोल्हापूरकरांकडे बाबूराव पेंटर आहेत, मुंबईकरांकडे तर सगळंच आहे. पण या सगळ्यांच्या आधीचे फाळके आमच्याकडे. ३० एप्रिल १८७० ला ते त्र्यंबकेश्वरात जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशकात वारले. मधल्या वेळात त्यांनी भारतीय सिनेमा सुरू केला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तिथे आम्ही परगावच्या पाहुण्यांना नेतो, फोटो काढतो आणि येताना त्यांना मिसळ खाऊ घालतो. एवढं केलं की चित्रपटसृष्टीबद्दलचं आमचं कर्तव्य संपतं. बाकी सिनेमा आम्ही घरीच पाहायला घेतो. पुरा होतो की नाही, ही पुढची गोष्ट.

घरी सिनेमा पाहण्याच्या बाजूचे सगळे मुद्दे माझ्या नवऱ्याला पाठ आहेत. चार तिकिटं, पार्किंग, मध्यंतरातलं खाणं, येताना "आता घरी जाऊन कोण स्वयंपाक करणार" म्हणून बाहेरचं जेवण, अशी बेरीज तो तोंडी करतो आणि शेवटी विचारतो, "एवढ्यात वर्षाचं सबस्क्रिप्शन येतं की नाही?" येतं. "आणि घाई काय आहे? आठ आठवडे थांब. घरी येतोच." हेही खरं आहे. हिंदी सिनेमा थिएटरात लागल्यापासून आठ आठवडे तरी ओटीटीवर येऊ नये, असा मोठ्या मल्टिप्लेक्सवाल्यांचा आग्रह असतो. त्यामुळे शुक्रवारी नवीन सिनेमा लागला की आमच्याकडे तिकिटं काढत नाहीत, आठवडे मोजायला घेतात. ते मोजून होईपर्यंत त्याचा शेवट मुलाने रीलमध्ये पाहिलेला असतो, नवऱ्याला ऑफिसच्या ग्रुपवर आलेला असतो आणि सासूबाईंना भजनी मंडळात कुणीतरी सविस्तर सांगितलेला असतो. मग आम्ही सगळे मिळून, खून कुणी केला हे पक्कं माहीत असलेला रहस्यपट पाहायला बसतो.

नवऱ्याचा शेवटचा मुद्दा बिनतोड असतो. "घरी कसं, पाय पसरून, लोळून, हवं तेव्हा थांबवून पाहता येतं." अगदी बरोबर. फक्त लोळतं कोण आणि थांबवावं कुणासाठी लागतं, एवढं विचारायचं राहून जातं.

घरात सिनेमा शिरला की घरातल्या बाईचं काय होतं, याचा पहिला दाखला खुद्द फाळक्यांच्याच घरातला आहे. सिनेमाचं वेड डोक्यात गेल्यावर त्यांनी भांडवल उभं करण्यासाठी काय केलं, तर मटाराचं रोप उगवताना रोज थोडं थोडं चित्रित केलं आणि ती फिल्म पैसे देऊ शकणाऱ्यांना दाखवली. इतिहासकार यात प्रतिभा पाहतात. मला त्या घरातली बाई दिसते. घरात मटार आलाय, पण तो सोलायचा नाही, उसळीला घ्यायचा नाही, नुसता उगवताना बघायचा. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी तेही मानून घेतलं. वर दागिनेही दिले. त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसत. ती भोकं अंधारात बसून पाडायची, फिल्म धुवायला हात लावायचा, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटाच्या तोंडावर उजेड पाडायचा आणि हे सगळं सांभाळून अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करायचा, असं त्यांच्या कामाचं स्वरूप होतं. आजच्या भाषेत लॅब, लाइटिंग आणि केटरिंग.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला. पडद्यावर बाई एकही नव्हती, कारण सिनेमात काम करायला तेव्हा बायका तयार नव्हत्या. तारामती झाले अण्णा साळुंके, जे त्याआधी हॉटेलात स्वयंपाकी होते. म्हणजे बघा, स्वयंपाकघरातला पुरुष पडद्यावर जाऊन राणी झाला आणि सिनेमा हातांनी घडवणारी बाई स्वयंपाकघरातच राहिली. हेच साळुंके १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले. नवरा-बायकोचं इतकं एकमत त्यानंतर भारतीय पडद्यावर दिसलेलं नाही. तो सिनेमा असा काही चालला की गल्ल्यातली नाणी बैलगाडीत घालून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली, असं सांगतात. तोवर फाळके बिऱ्हाडासकट नाशकात आलेले होते आणि त्यांचे सिनेमे इथेच बनत होते.

तर फाळक्यांनी सिनेमा घरात बनवला आणि लोकांना बाहेर बोलावून दाखवला. आता तो बाहेर कुठेतरी बनतो आणि घरात पाहिला जातो. दोन्ही पद्धतींत स्वयंपाक घरच्या बाईकडेच.

या फाळके दांपत्यावर परेश मोकाशींनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' नावाचा गोड सिनेमा काढला. भारताकडून ऑस्करला गेलेला. नाशकात राहून तो आपण पाहिलेला नाही, याची आम्हाला एका शनिवारी रात्री अचानक लाज वाटली. जेमतेम दीड तासाचा सिनेमा. जेवणं झाली की लावू, म्हणजे अकराच्या आत झोपायला मोकळे, असं ठरलं.

आधी तो सापडायला हवा होता. नवऱ्याने रिमोट हातात घेतला आणि एकेक अक्षर टिपत स्पेलिंग सुरू केलं. रिमोटवरून 'हरिश्चंद्र' लिहिणं ही सत्त्वपरीक्षाच आहे. मध्येच एक अक्षर चुकलं की मागे जाताना सगळंच पुसलं जायचं. दरम्यान टीव्हीने स्वतःच्या अक्कलहुशारीने सुचवण्या सुरू केल्या. आमच्याकडे चौघांत मिळून एकच खातं, आणि त्यावर पुण्याचा भाचाही पाहुणा म्हणून राहतो. त्यामुळे कीर्तन, कोरियन प्रेमकथा, अमेरिकेतले खून आणि लहान मुलांचं डुक्कर, असं सगळं पाहणारी एकच कुणीतरी व्यक्ती या घरात राहते अशी त्या यंत्राची समजूत आहे, आणि तिला पुढे काय आवडेल याच्या विवंचनेत ते असतं.

सिनेमा सुरू झाला. फाळक्यांच्या भूमिकेतले नंदू माधव दिसले. सासूबाई म्हणाल्या, "याला कशात पाहिलंय गं?"

थांबवला. हा प्रश्न चालत्या सिनेमात सोडवता येत नाही. मुलाने मोबाइलवर शोधलं, चार सिनेमांची नावं वाचली, त्यातला एकही सासूबाईंनी पाहिलेला नव्हता. "मग दुसराच कुणी असेल," म्हणाल्या. चालू केला. पाच मिनिटांत नणंदेचा फोन. थांबवला. नणंदेला आपण काय पाहतोय ते सांगितलं, तिने पाहिलेला होता, तिने पुढची गोष्ट सांगितली. चालू केला. मुलगा म्हणाला, "हळू वाटतोय. दीडपट स्पीडवर लावू?" मूकपटाच्या जनकावरचा सिनेमा निदान चालीने तरी मूकपटासारखा दिसला असता, पण मी नको म्हटलं. मग नवऱ्याला काहीतरी तोंडात टाकायला हवंसं वाटलं. "काहीतरी" म्हणजे काय हे ठरवायला आणि आणायला मीच उठले. ओट्याशी गेले तर दुधाचं पातेलं बाहेरच राहिलेलं. ते आत टाकताना उद्याचे हरभरे भिजवायचे आठवले. बाहेरून नवऱ्याचा प्रेमळ आवाज आला, "थांबवलाय गं! ये तू सावकाश!"

घरच्या सिनेमातलं सगळ्यात क्रूर वाक्य हेच. वरवर केवढं समजूतदार! पण त्याचा अर्थ असा की बाहेर तीन माणसं, एक टीव्ही आणि दादासाहेब फाळके, सगळे एकट्या माझ्यासाठी ताटकळलेले आहेत. आता हरभरे निवडत बसायची सोय नाही आणि हातातलं टाकून जायचीही सोय नाही. थिएटरात पडदा कुणासाठी थांबत नाही. तिथे तुम्ही उठलात तर तुमचं नुकसान, बसलात तर तुमचा फायदा. दुसऱ्याच्या करमणुकीची जबाबदारी तुमच्या डोक्यावर नाही. घरात ते एक बटण आलं आणि सिनेमा रखडला तर तो घरातल्या बाईमुळे रखडतो, अशी व्यवस्था झाली.

मी परत आले तेव्हा पडद्यावर फाळके लंडनला पोचले होते आणि सोफ्यावर नवरा झोपेला. सासूबाई जप करत होत्या. मुलगा आपल्या खोलीत आपल्या मोबाइलवर दुसराच सिनेमा पाहत होता, बहुधा दीडपट वेगाने. "राहू दे, उद्या पाहू," असं ठराव मांडायच्या आधीच मंजूर झालं. रविवारी सकाळी मी एकटीने बसून पाहायचं ठरवलं, तेवढ्यात खाली घंटागाडी आली. नाशिककर एकवेळ रेल्वे चुकवेल, घंटागाडी चुकवणार नाही. ओला डबा, सुका डबा घेऊन उतरले. वर आले तर टीव्हीवर क्रिकेट. खरे दादासाहेब १९१२ साली बोटीने लंडनला गेले, कॅमेऱ्याची खरेदी केली, तिथल्या स्टुडिओत तंत्र शिकले आणि दोन-अडीच महिन्यांत परत येऊन कामालाही लागले. आमच्या घरातले फाळके अजून लंडनलाच आहेत.

जे सिनेमे पुरे होतात त्यांचीही काही तंत्रं आहेत. पहिलं आवाजाचं. हल्लीच्या सिनेमात माणसं कानात सांगितल्यासारखी बोलतात आणि बंदुका मात्र शेजारच्या बिल्डिंगला ऐकू जातील अशा वाजतात. त्यामुळे संवादाला आवाज वाढवायचा, मारामारीला कमी करायचा, अशी रिमोटधारकाची अखंड कवायत चालते. संवाद तरीही कळत नाहीत म्हणून खाली इंग्रजी पाटी लावायची. अशा रीतीने नाशकातलं एक मराठी कुटुंब मराठी सिनेमा इंग्रजीत वाचतं आणि "थांब, वाचून नाही झालं" म्हणून मागे नेतं.

दुसरं तंत्र नको त्या प्रसंगांचं. दिवा मंद झाला, संगीत बदललं, की आमच्याकडे सगळ्यांना एकदम कामं आठवतात. नवरा चष्मा पुसतो, मुलगा पाणी प्यायला जातो, मी पंख्याकडे पाहते. सासूबाई तेवढ्या स्थिर असतात. एकदा त्याच म्हणाल्या, "अरे बसा रे सगळे. मी का काल जन्मले?" त्यांना प्रेमाचं काही वाटत नाही आणि खुनाचंही नाही. मेथी निवडता निवडता त्या एकामागून एक गुन्हेमालिका पाहतात आणि मृतदेह दिसला की जाणकारीने म्हणतात, "रक्त पातळ केलंय."

हे सगळं आमच्या आईच्या वेळी नव्हतं. तेव्हाचं नाशिक बारा, तीन, सहा, नऊ या चार वेळांवर चालायचं. विजयानंद, चित्रमंदिर, मधुकर, सर्कल, विकास, हेमलता, दामोदर, महालक्ष्मी. तिकडे नाशिकरोडला अनुराधा आणि रेजिमेंटल. यातलं विजयानंद मुळात नाटकाचं. २१ डिसेंबर १९०९ ला तिथे 'संगीत शारदा'चा प्रयोग पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. नाट्यगृहाच्या दारात इतिहास घडवलेलं हे शहर आता रिमोट लांब पडला तर सोफ्यावरून उठत नाही.

आई बाराच्या शोला जायची. सकाळी सगळं आवरून, वडील कामावर आणि आम्ही शाळेत गेल्यावर, गल्लीतल्या बायकांबरोबर. तिकिटाला बायकांची रांग वेगळी आणि आखूड. त्यामुळे एरवी बायकोला भाजी आणायलाही पैसे मोजून देणारे पुरुष खिडकीपाशी ओळखीची बाई शोधत फिरायचे. "वहिनी, आमची दोन घेता का?" आईच्या आयुष्यात पुरुषांनी तिच्यापुढे रांग लावल्याचा हा एकमेव प्रसंग आणि तो दर सिनेमाला यायचा. आत गेलं की बॅटरीवाला अंधारात खुर्ची दाखवायचा. तिथे बसलं की संपलं. घरी कुणी आलं, कुणी पडलं, कुणाला काही सापडेना, आईला कळायचा मार्गच नव्हता. १९९१ मध्ये 'माहेरची साडी' आला तेव्हा बायका जास्तीचे रुमाल घेऊन गेल्या. समीक्षक हसले. पण घरात रडायला निमित्त लागतं, निमित्त सांगावं लागतं आणि सांगितलं तर त्यावर चर्चा होते. तिथे अंधार होता, अलका कुबल होत्या आणि आजूबाजूला सगळ्याच रडत होत्या. डोळे पुसून, केस नीट करून, तीन वाजता आई हलकी होऊन यायची आणि चहा टाकायची.

फुकटचा सिनेमा गणपतीत. भर रस्त्यात बांबूंवर पांढरा पडदा बांधायचे आणि पलीकडे मशीन. समोर जागा मिळाली नाही की आम्ही पडद्याच्या मागे जाऊन बसायचो. दिसायचं सगळं, फक्त उलटं. डावखुरा अमिताभ तिकडून बरोबर उजव्या हाताने मारायचा. नावं वाचता यायची नाहीत, पण त्यासाठी कोण आलं होतं? पुढे व्हिडीओ आला आणि एका रात्रीत तीन सिनेमे भाड्याने आणायची पद्धत पडली. चाळीतले सगळे एकाच खोलीत. तिसऱ्या सिनेमात कोण कुणाचा भाऊ हे कुणालाच सांगता यायचं नाही, कारण सगळेच दुसऱ्या सिनेमात झोपलेले.

मग मल्टिप्लेक्स आलं आणि सिनेमा मॉलच्या वरच्या मजल्यावर राहायला गेला. तिथे पोचेपर्यंत माणूस कपडे, भांडी आणि चपलांच्या दुकानांवरून जातो, त्यामुळे सिनेमा फुकट पडला असता तरी परवडला नसता. खाण्याचा तर स्वतंत्र शास्त्रार्थ आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने खुलासा केला की सुट्या खाऱ्या पॉपकॉर्नला ५ टक्के, पाकीटबंदला १२ टक्के आणि साखरेत घोळलेल्या कॅरामल पॉपकॉर्नला १८ टक्के. एकाच मक्याच्या तेव्हा तीन जाती होत्या! त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की बाहेरचं खाणं आत आणू न देण्याचा अधिकार थिएटरमालकाला आहे. पिण्याचं पाणी मात्र त्याने फुकट द्यायला हवं आणि लहान बाळाचं खाणं अडवता येणार नाही.

न्यायालयाचा मान राखून सांगते, की ज्या गावात चिवडा हे प्रवासाचं आद्य साहित्य समजलं जातं, तिथे हा निकाल अमलात आणणं कठीण आहे. दाराशी पर्स तपासणारी मुलगी आणि आमच्या भिशीतल्या बायका यांच्यात जे चालतं ते कुठल्याही हेरपटात नाही. चिवडा चष्म्याच्या डबीत मावतो. छत्रीच्या घडीत मावतो. आमच्यातल्या एका वयस्कर बाईंनी तो औषधांच्या पिशवीतून नेला आणि मुलीने विचारलं तेव्हा "दर दोन तासांनी घ्यावा लागतो बाळा" असं सांगितलं. खरी पंचाईत आत होते. सिनेमात कितीही मारामारी असो, चिवड्याचं पाकीट उघडायच्या क्षणीच दिग्दर्शकाला शांतता सुचते.

थिएटर म्हणजे सगळं सभ्य आणि सुरेख, असंही माझं म्हणणं नाही. आमच्याच जिल्ह्यात मालेगाव आहे. तिथल्या लोकांचं सिनेमावर इतकं प्रेम की त्यांनी स्वतःचा 'शोले' काढला, स्वतःचा 'सुपरमॅन' काढला आणि त्या उद्योगावर पुढे मुंबईकरांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' काढला. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, तिथल्या मोहन सिनेमात 'टायगर ३' चालू असताना प्रेक्षकांनी आतच फटाके लावले. माणसं खुर्च्यांमधून पळाली, पोलिसांत गुन्हा दाखल झाला आणि 'असं करू नका' म्हणून खुद्द सलमान खानला सांगावं लागलं. एवढं प्रेम नको. पण एवढं मान्य करावं लागेल की घरी सोफ्यावर बसून सलमानची एन्ट्री झाली म्हणून आजवर कुणी फुलबाजीसुद्धा पेटवलेली नाही.

करोनात थिएटरं बंद पडली. नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा मिटली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा उघडली. तोवर सगळ्या जाणकारांनी थिएटरचा बारावा-तेरावा उरकला होता. नवरा दर आठवड्याला मला त्या अर्थाचे लेख वाचून दाखवायचा. मग ३० जून २०२३ ला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' लागला आणि महाराष्ट्रभरच्या बायका नऊवारी नेसून, नथ घालून, वर गॉगल लावून थिएटरात गेल्या. मंगळागौरीची गाणी लागली की खुर्च्यांमधल्या वाटेत नाचल्या. आम्हीही गेलो. रिक्षावाल्याने विचारलं, "कुणाचं लग्न?"

पुरुषांना हे कोडं अजून सुटलेलं नाही. माझ्या नवऱ्यानेही तेव्हा विचारलं होतं, "घरी आला असता की थोड्या दिवसांनी. एवढं काय होतं त्यात?" मी सांगायचा प्रयत्न केला नाही. पडदा मोठा होता, आवाज चांगला होता, असलं काहीतरी म्हणाले. पडद्याचं कौतुक कुणाला? भिंतीवर ५५ इंची टीव्ही आहे, तो पुसतेही मीच. थिएटरातली खुर्ची थोर आहे ती तिच्या गादीमुळे नाही; ती माझ्या स्वयंपाकघरापासून सात किलोमीटरवर आहे म्हणून. तिच्यातून मला फक्त मध्यंतर उठवू शकतं. सरस्वतीबाईंना अख्ख्या युनिटचं वाढून झाल्यावर कधी अशा खुर्चीत बसून, पाय सोडून, नवऱ्याचा सिनेमा अथपासून इतिपर्यंत पाहायला मिळाला असेल का, हा प्रश्न मला 'लंकादहन'च्या गल्ल्यापेक्षा मोठा वाटतो.

मागच्या आठवड्यात भिशीच्या ग्रुपवर ठरलं की पैसे उचलणारीने या वेळी खायला घालायचं नाही, सिनेमा दाखवायचा. उंटवाडीला, सिटी सेंटर मॉलमध्ये, बाराचा शो. कुठला सिनेमा हे कुणी विचारलंच नाही. मी साबुदाणा भिजवून, दाण्याचं कूट काढून, भांडी पालथी घालून, सासूबाईंच्या गोळ्या वाटीत मोजून ठेवून निघाले. नवरा घरीच होता. "आठ आठवड्यांनी..." एवढं म्हणाला आणि माझा चेहरा पाहून थांबला. आयुष्यात प्रथमच त्याने बटण न दाबता काहीतरी थांबवलं.

आत बसल्यावर फोन बंद केला. सिनेमा कसा होता म्हणाल तर बरा होता. नायक उगीचच पावसात भिजत होता. पण एकानेही मध्ये विचारलं नाही की याला कशात पाहिलंय. मध्यंतरात फोन चालू केला तर नवऱ्याचे निरोप ओळीने आले.

"साबुदाण्यात मीठ घातलंयस का?"

"कूट कुठंय?"

"डब्यावर लिहून का ठेवत नाहीस?"

"आई म्हणतेय तिला सांगता येईल पण ती मालिका थांबवणार नाही."

"सापडलं. डब्यावर लिहिलेलंच होतं."

आणि शेवटी खिचडीचा फोटो, वर कोथिंबीर घातलेला, शेजारी सासूबाईंचा अंगठा. शेजारच्या खुर्चीतलीला दाखवला. तिने आपला फोन पुढे केला. तिच्या नवऱ्याने कुकर लावला होता आणि तीन शिट्ट्या झाल्यावर काय करायचं असं विचारलं होतं. तिने "पुढची तिकिटं काढ" असं लिहून पाठवलं आणि पुन्हा अंधार झाला.